धुरपाचा तळ

वर्ष कोणतं ते कुणालाच सांगता येत नाही, पण त्या सकाळी काय झालं ते नागरतळ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. फार वर्षांपूर्वी, गाव गावपळणीहून घरी परतलं त्या सकाळी, माऊलीच्या देवळातलं थोरलं मडकं गप्प होतं.

नागरतळं हे घाटमाथ्यावरचं, नदीकाठचं गाव. तिथं भात थोडा आणि नाचणी फार. नाचणीचं पीठ पाण्यात कालवून मडक्यात घालायचं, रातभर आंबू द्यायचं, सकाळी ते शिजवून त्यात ताक-मीठ घालून प्यायचं, ही तिथली आंबील. बाळाच्या ओठाला पहिली तीच लागे आणि मरणाऱ्याच्या ओठाला शेवटची तीच. पीठ काढताना मडकं कधी पुरतं रिकामं करायचं नाही, बोटभर आंबलेलं खाली राहू द्यायचं आणि त्याच्यावरच नवं पीठ ओतायचं. त्या बोटभर आंबटाला तळ म्हणत. तळ जिवंत असला की मडकं आतून बोलतं. मोठ्यानं नाही, झोपेत पोर पुटपुटतं तेवढंच. आणि माऊलीच्या थोरल्या मडक्यातला तळ गाव वसलं तेव्हापासून एकदाही मेला नव्हता, असं म्हणतात.

दर काही वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, माऊलीचा कौल झाला की सगळं गाव वेशीबाहेर पडे. माणसं, गुरं, कोंबड्या, सगळी माळावर झोपड्या घालून राहत आणि गाव देवाला मोकळं सोडत. हीच गावपळण. निघताना चुली विझवायच्या, भांडी रिकामी करून उपडी घालायची. परत आल्यावर थोरल्या मडक्यातला तळ वाटीवाटीनं घरोघर जाई आणि मग चुली पेटत. मडक्यात पीठ घालायचा मान लगमाच्या घराचा. लगमा थकली होती, म्हणून त्या साली तो मान तिच्या सुनेकडं आला होता. तिचं नाव धुरपा.

धुरपा फार दचकायची. झाकण पडलं तरी तिचा हात छातीशी जाई. मांजर आडवं गेलं तरी हातातली घागर हिंदकळे. बायका तिला दचकी धुरपा म्हणत आणि मुद्दाम पाठीमागून येऊन टाळी वाजवत. पण ज्याला सगळ्याची भीती वाटते त्याला सगळं ऐकूही येतं. त्या सकाळी तिनं मडक्याला कान लावला, आणि पहिल्यांदाच ती आवाजानं नाही तर आवाज नसल्यानं दचकली.

"आत्याबाई," ती घरी येऊन म्हणाली, "मडकं बोलत न्हाई."

लगमा अंगण झाडत होती. "परवा म्हणालीस वाऱ्यात कुणीतरी रडतंय. त्याच्या आधी म्हणालीस सावलीला दोन डोकी हायत. आता मडकं रुसलं. माळावरनं आलंय ते दमून, बोलंल उद्या."

"मडकं कुठं आलंय माळावर? ते हितंच होतं."

"मग एकटं राहून कंटाळलं असंल. जा, पीठ घाल."

धुरपानं पीठ घातलं. दुसऱ्या सकाळीही मडकं गप्पच. वास आंबट नव्हता, ओल्या भिंतीसारखा होता. ती विहिरीवर बायकांना म्हणाली, तर बायका हसल्या. ती भैरू गुरवाला म्हणाली, तर तो तिच्याकडं न बघता देवळात शिरला आणि समई पुसत बसला.

तोवर गावात दुखणं शिरलं होतं. माळावर लोक एका डबक्याचं पाणी प्याले होते, त्यातून आलं की वाऱ्यातून, कोण जाणे. आधी लहान पोरं पडली, मग म्हातारी. अन्न ठरेना, पाणी ठरेना. अशा दुखण्यावर नागरतळ्याला एकच उपाय माहीत होता, पातळ आंबील. ती पोटात ठरते आणि तिच्यावर माणूस उठतं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. लोक वाट्या घेऊन देवळात आले, थोरल्या मडक्यातलं पीठ घरी नेऊन शिजवलं, पोरांना पाजलं. पोरांनी ते ओकून टाकलं. ते आंबलेलंच नव्हतं, नासलं होतं.

तेव्हा भैरू गुरव देवळाच्या पायरीवर येऊन बसला आणि त्यानं डोक्याचं मुंडासं काढून खाली ठेवलं. भैरूचा बाप त्याच वर्षी वारला होता आणि देवळाचं सगळं नव्यानं त्याच्याकडं आलं होतं.

"गावात भरलेलं भांडं मागं ठेवायचं न्हाई, असा नेम," तो म्हणाला. "मला वाटलं, नेम सगळ्यांना तर देवाला का न्हाई. मी निघायच्या आधी थोरलं मडकं रिकामं केलं. राखेनं घासलं, कढत पाण्यानं धुतलं, उपडं घातलं. परत आल्यावर सगळ्यांच्या आधी येऊन सुलटं केलं आणि नवं पीठ कालवून ठेवलं. माऊलीचं भांडं लख्ख असावं म्हणून."

कुणी त्याला मारलं नाही. कुणी शिवीही दिली नाही. सगळ्यांना एकदम कळलं, की घरोघरचे तळ आपणच आपल्या हातांनी ओतून टाकले होते, थोरल्या मडक्याच्या भरवशावर. आता गावात एकही तळ जिवंत नव्हता. नवा धरायचा म्हटलं तर ऊन हवं, दिवस हवेत. थंडी अशी, की पीठ आंबायच्या आधी नासे. आणि पोरांचे डोळे तर खोल चालले होते.

त्याच दिवशी लगमा पडली.

धुरपा तिच्या उशाशी बसली. बाहेर कुणीतरी कवाड आपटलं, ती दचकली, पण उठली नाही. बराच वेळ तिच्या ओठावर एक गोष्ट येई आणि परत जाई. शेवटी ती म्हणाली, "आत्याबाई, पल्याड पाथरवाडीला तळ हाय."

लगमानं डोळे उघडले. "कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना ठावं हाय. कुणी बोलत न्हाई एवढंच."

ते असं होतं. लगमाला एक धाकटी बहीण होती, आवडा. तिला नदीपल्याड पाथरवाडीला दिली. त्या वाडीत तेव्हा आंबील नव्हती, नुसती पेज पीत. आवडानं सासरी जाताना माऊलीच्या मडक्यातला घोटभर तळ करवंटीत घेतला, पदराखाली धरला आणि नेला. नागरतळ्याचा तळ वेशीबाहेर गेला तर गावाची बरकत जाते, असा समज होता. गावानं तिला चोर ठरवलं. पाथरवाडीशी सोयरीक तुटली, बाजार तुटला, नदीवर समोरासमोर आले तर लोक पाठ फिरवत. आवडाचं नाव नागरतळ्यात पुन्हा कुणा मुलीला ठेवलं नाही, आणि त्या नावानं कुणी हाकही मारली नाही. लगमानं तर मुळीच नाही.

"ती येणार न्हाई," लगमा भिंतीकडं बघत म्हणाली. "तिच्या जागी मी असते तर आले नसते."

"मी हाक मारून बघते."

"तू? तुझी हाक परसात जात न्हाई, धुरपे. कोंबडी बोलवायची तर शेजारीण बोलवते."

"मग कशी मारू, सांगा."

लगमानं डोळे मिटले. धुरपाला वाटलं, झोपली. मग म्हातारीचा आवाज आला, बारीक. "आमची आये मारायची तशी. आम्ही पाण्यात खेळत असायचो. ती कातळावर उभी राहायची. नाव आधी हळू घ्यायची, जवळ बसलेल्याला बोलवावं तसं. मग शेवट लांबवत न्यायची, तुटू न देता. आवडेऽऽ." तिला धाप लागली. "आधी हळू. आवडीला ओरडलेलं सोसायचं न्हाई."

धुरपा नदीवर गेली. असं म्हणतात, की जाताना वाटेत तिला साप आडवा गेला आणि ती पहिल्यांदाच थांबली नाही.

नदीला पाणी फार नव्हतं, गुडघाभर. ओलांडायला वेळ लागला नसता. पण दुखण्याच्या गावातल्या माणसानं दुसऱ्याच्या वेशीत पाय घालायचा नाही, हा नेम माऊलीचा नव्हता, माणसांचा होता, आणि तो धुरपाला मोडायचा नव्हता. पल्याडही पोरं होती. ती अल्याडच्या कातळावर उभी राहिली. पाण्यावर दाट धुकं होतं. पल्याड बायका धुणी बडवत होत्या, त्यांचा आवाज येत होता, माणसं दिसत नव्हती.

तिनं हाक मारली. आवाज फाटला. पुन्हा मारली. बडवण्याचा आवाज थांबला.

"कोण गं ती?" पल्याड एकजण म्हणाली.

"नागरतळ्याची दिसते."

"त्यांना आपली नावं घ्यायला विटाळ होतो ना? आज कुणाचं घेतलं?"

"आवडाआजीचं."

"मग आजीलाच ऐकू जाऊ दे. आपण कशाला मधी पडायचं. चला."

ओल्या धुण्याचे पिळे उचलल्याचा आवाज झाला, पावलं वाजली, आणि नदीवर कुणी उरलं नाही. धुरपा हाक मारत राहिली. उन्हं चढली तरी धुकं हललं नाही. नागरतळ्याहून एक बाई आली आणि सांगून गेली, भैरूची पोर आता डोळे उघडत नाही, लगमाची वाचा गेली. धुरपानं ऐकलं आणि परत नदीकडं तोंड केलं. तिचा घसा सोलला होता. आधी हळू, जवळ बसलेल्याला बोलवावं तसं. मग लांबवत, तुटू न देता. आवडेऽऽ.

तिला तिथं तशीच उभी ठेवून थोडं आजचं सांगावं लागतं, कारण नागरतळ्यात ही गोष्ट सांगताना मध्ये इथंच थांबतात.

आजही गावपळणीहून गाव परतलं की कुणी चूल पेटवत नाही. गावच्या सुना त्या कातळावर जातात आणि नदीपल्याड आवडाच्या नावानं हाक घालतात, एकेकीनं, आळीपाळीनं. पाथरवाडीची कुणी म्हातारी ओ देईपर्यंत घालायची. म्हाताऱ्याही चटकन ओ देत नाहीत, जरा ताटकळत ठेवतात, त्यात थट्टाही असते. मग पल्याडून तळ येतो आणि धुरपाच्या नावानं थोरल्या मडक्यात पडतो. नागरतळ्याची मुलगी कुठंही दिली, मुंबईला दिली की परमुलखात, तिच्या ओटीत करवंटीभर तळ असतोच. त्याला धुरपाचा तळ म्हणतात, आणि तो पदराखाली नाही, सगळ्यांसमोर हातात धरून न्यायचा असतो. आणि गावात एखादी पोर उगाच दचकली, काहीतरी बिनसलंय म्हणाली, तर तिला कुणी हसत नाही. मोठी माणसं हातातलं काम ठेवतात आणि तिच्याबरोबर बघायला जातात. भैरूची ती पोर वाचली. पुढं देवळाचं सगळं तिनंच बघितलं आणि नव्वदीपर्यंत जगली, असं म्हणतात. लगमा त्या दुखण्यातून उठली की नाही, यावर गावात दोन मतं आहेत. पण तिच्या ओठाला शेवटी जी आंबील लागली ती जिवंत तळाची होती, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

पण त्या दिवशी कातळावर उभ्या असलेल्या धुरपाला यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं, की हाक थांबली तर संपलं.

दुपार कलली. तिचा आवाज आता आवाज उरला नव्हता, नुसता श्वास होता. कातळावरच्या धुरपालाही तो धड ऐकू येत नव्हता. आणि असं म्हणतात, की त्याच घटकेला पाथरवाडीत घरोघरची मडकी एकदम उतू आली. चुलीवर नव्हती, कोपऱ्यात होती, थंडीत होती, तरी फेस झाकणं उचलून बाहेर आला आणि जमिनीवरून वाहत उंबऱ्यापर्यंत गेला. बायका घाबरून अंगणात आल्या. सकाळी नदीवरून धुणं घेऊन परतलेल्या त्या एकमेकींकडं बघायला लागल्या.

एका घरात एक म्हातारी सूप घेऊन नाचणी पाखडत बसली होती. फेस तिच्या पायाला लागला. तिनं सूप खाली ठेवलं.

"सकाळपासून नदीवर कोण हाक मारतंय?" तिनं विचारलं.

सुना फेस पुसायला वाकल्या.

"मी विचारते, कुणाच्या नावानं?"

"तुमच्या, आजी," धुण्यावरनं आलेल्यांतली एकजण दारातून म्हणाली.

म्हातारी उठली. तिनं कोपऱ्यातलं मडकं उचलून कडेवर घेतलं, लेकरू घ्यावं तसं. सुना म्हणाल्या, आम्ही येतो. ती म्हणाली, नको. वाट तिला ठाऊक होती, पण त्या वाटेनं ती इतक्या वर्षांत एकदाही खाली उतरली नव्हती. वाळू लागली तेव्हा ती थांबली आणि तिनं कान दिला.

धुरपानं पुन्हा एकदा श्वास घेतला. तिला पल्याडचं काही दिसत नव्हतं. तिनं नाव घेतलं, आधी हळू, मग शेवट लांबवत. धुक्यात ते गेलं आणि कुठं गेलं ते कळलं नाही. तिनं परत तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पल्याडून, पाण्याच्या अगदी काठावरून, म्हाताऱ्या गळ्यातून पण लहान पोरीच्या घाईनं, ओ आली.

"ओऽऽ. आले गं आये, आले."