भरून आलेली करवंटी

रानात शेजारधर्म होता, तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठच्या साळू साळिंदरीला ताप भरला, म्हणून शेजारच्या कोल्हिणीने तिला करवंटीभर पाणी नेऊन दिलं.

चार दिवसांनी करवंटी दारात परत आली, तीही बोरांनी भरून. कोल्हीणच ती, लगेच कान टवकारले. "दिलं पाणी आणि आली बोरं? हिच्या मनात नक्की काहीतरी काळंबेरं आहे." तिने एकेक बोर हुंगून पाहिलं. एकही किडकं नव्हतं, त्यामुळे संशय आणखीच वाढला. नकोच ती भानगड म्हणून तिने बोरांसकट करवंटी साळूच्या दारात ठेवली.

दुसऱ्या दिवशी करवंटी पुन्हा हजर! आता बोरांवर चिंचाही होत्या. कोल्हिणीने तशीच परत केली. तिसऱ्या दिवशी वर आवळे आले, तेव्हा मात्र ती तडक साळूकडे गेली.

"साळूबाई, खरं सांग, तुला माझ्याकडून हवंय तरी काय?"

साळूने हातच जोडले. "बाई गं, आता तूच थांब! रोज भरलेली करवंटी पाठवतेस. शेजारणीचं भांडं मी भर न घालता कसं परत करू? माझं घर रिकामं झालं की!"

कोल्हीण घरी आली. कोपऱ्यात एक करवंटी धूळ खात पडली होती. पोराला खोकला झाला, तेव्हा सशिणीने तिच्यातून मध दिला होता, गेल्या उन्हाळ्यात.

कोल्हिणीने ती पुसली आणि सशिणीला परत द्यायला निघाली. उंबऱ्यातच थबकली. मग मागे वळून तिने साळूची बोरं त्या करवंटीत ओतली.