चंद्रीने खाल्लेला शब्द

एका गावाच्या टोकाला केरोपंत नावाचे एक निवृत्त कारकून राहत असत. राहत असत म्हणण्यापेक्षा कुरकुरत असत, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. त्यांच्या अंगणात पेरूचे मोठे झाड होते. पिकलेले पेरू खाली पडून कुजत. परंतु ते कोणी उचललेले पंतांना खपत नसे. फाटकावर त्यांनी टपोऱ्या, वळणदार अक्षरांत लिहून कागद चिकटवला होता: ‘आत यायचे नाही’.

शेजारी सगुणाबाई राहत. चंद्री नावाच्या शेळीच्या दुधावर त्यांचा चरितार्थ चाले. चंद्री अंगणात कधी शिरली नाही. तिचे मन जडले होते ते त्या कागदावर. पंत तो कणकेच्या खळीने चिकटवीत, आणि खळीचा वास आला की तिला राहवत नसे. एका आठवड्यात तिने तीन कागद फस्त केले.

“पंत, कागद डिंकाने चिकटवा ना,” सगुणाबाईंनी विनवले.

“कचेरीत तीस वर्षे खळ वापरली. आता तुमच्या शेळीसाठी पद्धत बदलू?” पंत गरजले. “चौथा कागद खाल्ला, तर ती कोंडवाड्यात जाईल. मी लिहिलेला शब्द फिरवीत नाही, आणि बोललेलाही नाही!”

दुसऱ्याच दिवशी चंद्रीने दावे तोडले. सगुणाबाईंनी धावत येऊन तिला मागे ओढले. पण तोवर कागदावरचा शेवटचा शब्द तिच्या तोंडात गेला होता. फाटकावर दोनच शब्द उरले: ‘आत यायचे’.

इतक्यात शाळा सुटली. मुले फाटकापाशी थबकली. चौथीतल्या शेवंतीने ते शब्द मोठ्याने वाचले, पुन्हा एकदा वाचले. मग सर्वांनी चपला बाहेर ओळीने काढल्या आणि सगळी मुले अंगणात येऊन उभी राहिली.

“कोणाला विचारून आत आलात?” पंत काठी आपटीत बाहेर आले.

“आजोबा, तुम्हीच बोलावलंत ना? फाटकावर लिहिलंय,” शेवंती म्हणाली. “आम्हांला आजवर कोणी असं लिहून बोलावलं नव्हतं.”

पंतांनी फाटकाकडे पाहिले. तेथे सगुणाबाई पदर मुठीत धरून उभ्या होत्या. चंद्री शांतपणे चघळत होती; तिच्या ओठाला ‘ही’चा तुकडा अजून चिकटलेला होता. खरा प्रकार सांगण्यास एक वाक्य पुरेसे होते, आणि ते पंतांच्या ओठांवर आलेही. तेवढ्यात त्यांची दृष्टी चपलांच्या ओळीवर गेली. त्यांच्या दारात इतक्या चपला कधीच आल्या नव्हत्या.

“मग उभे का?” ते खेकसले. “आत यायचे म्हणजे यायचे! खाली पडलेले पेरू आधी उचला. कच्चा तोडाल तर खबरदार!”

“पंत, आणि चंद्री?” सगुणाबाईंनी विचारले. “चौथा कागद तिने...”

“खाल्ला कुठे?” पंत म्हणाले. “तपासला. चुकीचा शब्द तेवढा काढला.”

दुसऱ्या दिवशी फाटकावर नवा कागद लागला. त्यावर दोनच शब्द होते. तिसऱ्याच्या जागी पंतांनी नुसतीच खळ लावली होती, चांगली बोटभर जाड.

तात्पर्य: दारावरचा नकार वेळीच गिळावा, त्याने मान उणावत नाही, माणसे मात्र जोडली जातात.