कडू काढ्याचा नियम

फार जुनी गोष्ट, शेळ्या आपला वाडा आपणच सांभाळायच्या तेव्हाची. दरसाल साथीत करडं मरायची, तरी साथीवरचा कडू काढा निम्म्याच आया पाजायच्या. मग म्हाताऱ्या ढवळीने नियम केला, काढा प्यायल्याशिवाय करडू कुरणात जाणार नाही.

कबरी शेळी करडाला घेऊन आली आणि फाटकातच ढवळीशी भांडायला लागली. "सगळ्यांची पोरं प्यालीत की! माझं एक राहिलं तर काय बिघडतं?"

ढवळी म्हणाली, "गेल्या साली असं म्हणणाऱ्या अकरा जणी होत्या. त्यातल्या सात आज पोरांवाचून चरतायत. पाज गुमान!"

करडू प्यालं, थुंकलं आणि उड्या मारत गवतात गेलं.

पावसाळा सरला. एकही करडू दगावलं नाही. कबरी म्हणाली, "बघा आत्याबाई, साथ आलीच नाही. उगाच कडू पाजायला लावलंत."

ढवळी रवंथ करत हसली. "आली होती गं भवाने. शिरायला एक दार उघडं सापडलं नाही तिला."