लाजेच्या दगडावरची घोंगडी

एका गावात एक दगड होता. गावाबाहेर खेळाचं मोठं मैदान, मैदानाच्या कडेला कडुनिंब आणि कडुनिंबाखाली हा दगड. सगळे त्याला लाजेचा दगड म्हणायचे.

त्या गावाला चेंडूच्या खेळाचं भारी वेड. चेंडू पायानंच मारायचा, हात लावायचा नाही, आणि समोरच्यांच्या दोन बांबूंमधून पार करायचा. दरवर्षी जत्रेला हे गाव आणि डोंगरावरचं वरचं गाव यांचा सामना व्हायचा. खेळणारे गडी गावच पोसायचं. त्यांना नांगर नाही, मोळी नाही. घराघरातून त्यांना दूध जायचं. खेळायचं, हेच त्यांचं काम. आणि गावातली लहान पोरं दिवसभर त्यांच्याकडेच बघत बसायची.

खेळात कुणी कुणाला पाडलं तर पाडणाऱ्यानं त्या दगडावर जाऊन बसायचं, असा नियम होता. झाडाला एक गळका माठ टांगलेला होता. तो काठोकाठ भरायचा, आणि थेंब थेंब गळून रिकामा होईपर्यंत उठायचं नाही. पूर्वी गडी तिथं बसला की मुंडाशाचं टोक तोंडावर ओढून घ्यायचा. त्याची आई त्या दिवशी पाणवठ्यावर जायची नाही. माठ रिकामा झाला तरी त्याची मान वर व्हायची नाही.

मग गावात नवा वस्ताद आला. त्यानं दगड बघितला, माठ बघितला आणि तो हसला.

त्याच्या हाताखाली एक धिप्पाड गडी होता. वस्ताद त्याला म्हणाला, "काय रे, ह्या दगडाला काटे आहेत का?"

"नाही वस्ताद."

"खाली विंचू आहे?"

"छे!"

"मग घाबरता कशाला लेको? वरच्या गावचा तो पळणारा पोरगा माहीत आहे ना? एकदा सुटला की कुणाच्या बापाला सापडत नाही. तो बांबूंजवळ आला की सरळ पायात पाय घाल. मग गुमान दगडावर जाऊन बस. माठ गळेल, तू उठशील."

"पण वस्ताद, मुद्दाम पाडायचं?"

"मुद्दाम तर मुद्दाम! तू काय चोरून करतोयस? नियमानं शिक्षा घेतोस ना? मग फिटलं की सगळं."

गड्याला ते पटलं नाही. पण गावाचं दूध पीत होता, वस्तादाला नाही कसं म्हणायचं?

जत्रेचा दिवस आला. मैदानाभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. सामना अगदी बरोबरीत होता, आणि शेवटी शेवटी वरच्या गावचा पोरगा चेंडू घेऊन सुटला. दोघांना चकवलं, तिसऱ्याला चकवलं. समोर नुसते बांबू. तेवढ्यात गड्यानं धावत येऊन पाय घातला.

पोरगा गुडघ्यावर आपटला. त्याची किंकाळी झाडावरच्या कावळ्यांनीसुद्धा ऐकली असेल. पण गावानं ऐकली नाही, कारण गाव टाळ्या वाजवत होतं!

गडी दगडाकडे गेला. बघतो तर काय, वस्तादानं दगडावर चौघडी घोंगडी घालून ठेवलेली. कुणी ताकाचा तांब्या आणून दिला, कुणी शेंगा. "बसला रे राजा गादीवर!" म्हणून पोरं नाचली. गड्याची धाकटी लेक मंजी तर त्याच्या मांडीवरच जाऊन बसली. इकडे पळणारा पोरगाच मैदानात नाही म्हटल्यावर गाव जिंकलं. माठ गळला, आणि गड्याला खांद्यावर घेऊन मिरवलं.

आता ह्याला काय म्हणायचं? ज्या दगडावर मान खाली घालायची, तिथं ताक पितात आणि शेंगा खातात! आणि मिरवणुकीत म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून सगळे होते. एकालाही वाटलं नाही की आपली पोरं बघतायत.

त्या गर्दीत पडलेल्या पोराची आई आली. बाई विधवा, एकुलता एक पोरगा. तिनं गड्याला विचारलं, "दादा, खरं सांग. चुकून पाय लागला?"

गडी खाली बघायला लागला. वस्तादच मध्ये बोलला, "चुकून कशाला? खेळ आहे बाई हा. आणि शिक्षा भोगली की त्यानं. माठ रिकामा होईपर्यंत बसला."

"तुमचा माठ रिकामा झाला," बाई म्हणाली. "माझ्या पोराचा गुडघा भरून आला का?"

"हे बघा, नियमात बसतंय सगळं."

"नियम तुमच्यासारख्यांचा हात धरायला केला होता रे," बाई कडाडली. "तुम्ही त्याची घोंगडी करून खाली अंथरलीत!"

चार माणसांनी पोराला बाजेवर घालून डोंगरावर नेलं.

पुढे थोड्याच दिवसांत गावातल्या पोरींनी चिंचेला झोका बांधला. पळत जाऊन जी आधी पोचेल तिचा पहिला झोका, असं ठरलं. कुंभाराची पोर सगळ्यांच्या पुढं होती. मंजी तिच्या मागोमाग. मंजीनं बघितलं की आता काही आपल्याला गाठता येत नाही. तिनं पाय घातला.

कुंभाराची पोर दगडधोंड्यांत पडली आणि तिचा हात मोडला.

गड्याला कुणीतरी सांगितलं तसा तो धापा टाकत मैदानाकडे आला. मंजी कडुनिंबाखाली बसली होती. घरातून त्याचीच घोंगडी आणून तिनं दगडावर घातली होती. माठही भरला होता तिनंच. बाप दिसताच ती खुशीत म्हणाली, "बाबा, ताक नाही आणलं?"

"मंजे, तू तिला पाडलंस?"

"हो. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"मग? ती पुढं जात होती ना! माठ गळला की मी जाते झोका घ्यायला." तिनं इकडं तिकडं बघितलं. "पण बाबा, कुणी टाळ्या का नाही वाजवत?"

पोरीच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, भीती नव्हती. जे बघितलं तेच ती शिकली होती. आणि शिकवणारा दुसरा कुणी नव्हता.

तेवढ्यात कुंभारीण आली. पदर खोचलेला, डोळे लाल. तिनं झाडाचा माठ उतरवला आणि गड्याच्या पायाशी आपटला. "माझ्या नवऱ्यानं घडवला होता हा माठ," ती म्हणाली. "ह्या माठानं माझ्या लेकीचा हात मोजायचा होय? पुन्हा आमच्या चाकावर असला माठ चढायचा नाही!"

गड्यानं घोंगडी उचलली. मंजीचा हात धरून तो तिला कुंभाराच्या घरी घेऊन गेला. "ह्या पोरीचा हात बरा होईपर्यंत तिचं पाणी तू भरायचं," तो म्हणाला, "तिची वेणी तू घालायची. आणि झोका बांधलेला असला तरी ती बसेपर्यंत तू बसायचं नाहीस."

मंजी रडली, "मग हे संपणार कधी?"

"ते तिला विचार," बाप म्हणाला.

दुसऱ्या दिवशी घराघरातून गड्यासाठी दूध आलं. त्यानं ते चरवीत ओतलं आणि डोंगर चढून गेला. वरच्या गावानं त्या पळणाऱ्या पोराचं दूध केव्हाच बंद केलं होतं. जो खेळत नाही त्याला कोण पोसतो? घरी आई एकटीच मोळ्या वाहत होती. गड्याला दारात बघून तिनं तोंड फिरवलं. गड्यानं चरवी उंबऱ्यावर ठेवली, कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली आणि रानात गेला. संध्याकाळी मोळी आणून टाकली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. आणि मग रोजच यायला लागला.

पावसाळा गेला, थंडी गेली, पुन्हा जत्रा आली. वस्ताद डोंगर चढून धापा टाकत आला. अंगणात पोरगा काठी धरून एकेक पाऊल टाकत होता, आणि गडी त्याच्या बगलेत हात घालून चालत होता.

"अरे, उद्या सामना आहे!" वस्ताद ओरडला. "गाव वाट बघतंय. शिक्षा तर तू मागच्याच वर्षी भोगलीस. इथं काय करतोस?"

गड्यानं मान वर केली नाही. पोराचं पाऊल नीट टेकेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "तुम्ही चला वस्ताद. माझा माठ अजून गळतोय."

तात्पर्य: शिक्षा भोगायची तयारी आहे म्हणून दुसऱ्याला मुद्दाम दुखवायचा हक्क मिळत नाही, आणि मोठ्यांनी ज्याला टाळ्या वाजवल्या, तेच पोरं उद्या करून दाखवतात.