पाणकावळीने तळं बदललं

पक्षी एकमेकांच्या लग्नात अजून मानपान करत, त्या काळातली ही गोष्ट. एका मोठ्या तळ्याकाठच्या उंच करंजावर पाणकावळ्याने घरटं बांधलं. त्याच्या वाडवडिलांची घरटी याच झाडावर होती, आणि हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

पाणकावळी मात्र अंडी घालण्याआधी तळ्यात बुडी मारून आली. गावाच्या गटाराने पाणी हिरवं आणि दाट झालं होतं. तिला स्वतःची चोचसुद्धा दिसेना. तेवढ्यात एक म्हातारी मरळ हवा घ्यायला वर आली.

"बाकीचे मासे कुठे गेले, मावशी?" पाणकावळीने विचारलं.

"गुदमरून मेले," मरळ म्हणाली. "मला वरची हवा चालते, म्हणून मी उरले." एवढं बोलून ती खाली गेली.

पाणकावळीने नवऱ्याला सांगितलं, "मी इथे अंडी घालणार नाही."

"अगं, असं झाड पंचक्रोशीत नाही!"

"पिल्लं काय झाड खाणार आहेत?"

तो हटला नाही. ती एकटीच टेकडीपलीकडच्या लहानशा, नितळ तळ्यावर गेली आणि तिथल्या वाकड्या बाभळीवर काटक्या रचून अंड्यांवर बसली.

पिल्लं झाल्याचं कळल्यावर पाणकावळा तिथे आला. जागेला नावं ठेवायला त्याने चोच उघडली. तिन्ही पिल्लांनी लगेच त्याच्या घशात माना खुपसल्या, आत मासे धुंडाळले, आणि काहीच न मिळाल्यामुळे आईकडे वळून पाहिलं.

पाणकावळ्याने चोच मिटली आणि पाण्यात बुडी मारली.