सज्ज्याचे टेकू

कर्र...

हा आवाज हणमंत शेलारनं पोरवयात ऐकला होता, सेंट्रिंगवर, स्लॅबखाली फळ्या-टेकू लावायच्या कामात, मिस्त्रीच्या हाताखाली असताना. डोक्यावरचा सज्जा तडकला होता. माणसं वेळेत बाजूला झाली, पण आवाज काही कानातून गेला नाही. आता तो मिरजेत ठेकेदार झाला होता, तरी काही बिघडणार असलं की आधी तोच आवाज यायचा.

आज सकाळपासून येत होता.

“मी वाचेन ना, आप्पा?”

आप्पा गाडवे चष्मा पुसत होते. उभ्या आयुष्यात त्यांनी बांधकामवाल्यांचेच कर सांभाळले. दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही.

“आयकराची नोटीस काय म्हणते, कळलं का तुला?”

“गौसच्या बिलातून टीडीएस कापला, सरकारात भरला नाही.”

“खरं आहे?”

“सिमेंट आणायचं होतं, आप्पा. स्लॅब अडला होता. पुढचं बिल निघालं की भरणारच होतो...”

“सगळे असंच म्हणतात.”

गौस मुजावर हा त्याचा प्लास्टरचा पोटठेकेदार. बिलातून कापलेला कर गौसच्या नावावर जमा व्हायचा आणि रिटर्न भरलं की त्याला परत मिळायचा. यंदा त्याच्या नावावर काहीच दिसत नव्हतं. आणि लेकीच्या नर्सिंगची फी त्यानं त्या पैशावरच धरली होती.

शेलार खुर्चीत पुढं सरकला.

“एक वाट आहे. गौस पोटठेकेदार नव्हताच, असं लिहू. माझ्याकडं रोजंदारीवर होता. मग टीडीएसचा प्रश्नच नाही.”

“आणि त्याचा कापलेला कर?”

“त्याचं बघू मागनं. आधी मला सोडवा. पालिकेचं काम हातचं जाईल हो!”

आप्पांनी तळहात वर केला. नजर शेलारच्या खांद्यावरून पलीकडं.

नको म्हणतायत, असं शेलारला वाटलं. त्याचा आवाज चढला.

“अहो, कोण गौस? थापी घेऊन दारात आलेला गडी! मी काम दिलं म्हणून माणसात आला. लिहा, मजूर म्हणून लिहा!”

तळहात तसाच राहिला... मग हळूच खाली आला.

“हणमंता, सज्ज्याचे टेकू आधी कुठनं काढतोस?”

“बाहेरच्या टोकाकडनं.”

“भिंतीकडचे आधी काढले तर?”

“सज्ज्याची सळई वरच्या अंगाला असते. टोक टेकूवर अडकून राहतं, आणि सज्जा मधनं खालून तडकतो...”

“मग इथं गौसचा आधार आधी काढून भिंतीकडनं कशाला सुरुवात करतोस?”

शेलारनं टेबलावरची नोटीस जवळ ओढली.

“गौसचा कर रिटर्नच्या तारखेआत भर. मग त्याचं बिल तुझ्या खर्चात पुरं धरतील. तुझाच कर कमी होईल. साहेबापुढं मी येतो तुझ्याबरोबर.”

शेलारनं कपाळाचा घाम पुसला. सकाळपासून पहिल्यांदा त्याला पुरता श्वास आला.

“भरतो. आजच भरतो. थांबा, गौसला फोन लावतो.”

“फोन नको. मागं बघ.”

दार उघडंच होतं. बाहेर बाकापाशी गौस उभा होता, कागदांची पिशवी काखेत, चपला पायात सरकवत. तळहात कशासाठी वर झाला होता, ते शेलारला आत्ता उमगलं.

“गौसभाई! अहो, मिटलं सगळं! तुमचा कर आज भरतोय. उशिराचं व्याजसुद्धा!”

गौसनं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि तो जिना उतरून गेला.

शेलार दारातच उभा राहिला.

“आप्पा... व्याजासकट भरतो म्हटलं ना मी?”

“कराला व्याज चालतं, बाबा.”