कातळावरचं शांत पाणी

मुलांनो, झाडावर राहणारा बेडूक कधी पाहिलाय का तुम्ही? डबक्यातला नव्हे हं. बोटभर लांबीचा, कोवळ्या पानासारखा हिरवागार, आणि बोटांच्या टोकांना छोट्या छोट्या चकत्या असलेला. त्या चकत्यांनी तो ओल्या पानाला असा चिकटून बसतो, की वाऱ्यानं पान हलतं, पण तो काही सुटत नाही.

अशा बेडकांची एक वस्ती दूर डोंगरात एका ओढ्याकाठी होती. ओढा दगडाधोंड्यांतून उड्या मारत जाणारा, आणि दोन्ही काठांची झाडं त्याच्यावर ओणवलेली. पावसाळा आला की बेडक्या पाण्यावर झुकलेलं एखादं पान निवडायच्या, पायांनी घुसळून पांढराशुभ्र फेस काढायच्या आणि त्या फेसात अंडी घालायच्या. आठ-दहा दिवसांनी फेस विरघळला, की पिल्लं टपटप खाली पाण्यात पडायची.

वस्तीत एक जुनी रीत होती. पान निवडण्याआधी बेडकीनं खाली उतरायचं आणि पाण्यात पाय सोडायचा. पाण्यानं पाय ओढला, तरच वरचं पान घ्यायचं. नाही ओढला, तर पान कितीही चांगलं असो, पुढे चालायला लागायचं.

त्या वस्तीत एक तरुण बेडकी होती. आदल्या वर्षी तिनं पहिल्यांदाच अंडी घातली होती. पिल्लं पाण्यात पडली मात्र, दगडाखालून खेकडा बाहेर आला. तिच्या डोळ्यांदेखत त्यानं सात पिल्लं उचलली. बाकीची धारेबरोबर कुठे गेली, जगली का मेली, तिला कधी कळलंच नाही. ती सात मात्र तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

यंदा तिनं ओढ्याकडे पाठ फिरवली. चढ चढून ती वरच्या कातळावर गेली. तिथे एक खळगा पावसानं भरला होता. तळ दिसावा इतकं नितळ पाणी. मासा नाही, साप नाही, खेकडा तर नाहीच. वर जांभळीची एक फांदी वाकलेली. रीत म्हणून तिनं पाण्यात पाय सोडला. पाणी ढिम्म हललं नाही. ती किती तरी वेळ तशीच पाय सोडून बसून राहिली. वर्षभरात पहिल्यांदाच तिला बरं वाटत होतं.

तिला शोधत वस्तीतली म्हातारी मावशी धापा टाकत वर आली.

"काय गं, वाट चुकलीस?"

"नाही मावशी, जागा बघतेय."

"पाय सोडलास का?"

"सोडला. नाही ओढला पाण्यानं. म्हणून तर आवडली."

मावशीनं खळग्यात डोकावून पाहिलं. "अगं वेडे, हे पाणी नव्हे. पाऊस घटकाभर टेकलाय इथे. जाईल उठून."

"महिनाभर रोज भरतोय की."

"आपल्या पिल्लांची तोंडं बघितलीस कधी? दगडाला घट्ट धरायला केलेली आहेत ती. धारेतच वाढायचं असतं त्यांनी."

"आणि खेकड्यानं त्यांना धरलं म्हणजे?" बेडकी उसळून म्हणाली. "मावशी, खरं सांग, तुझी किती गेली?"

मावशीनं खळग्यावरची नजर काढून खाली ओढ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मोजली नाहीत बाई. मोजत बसले असते, तर दुसऱ्या वर्षी पानावर चढायचं धाडस झालं नसतं."

पण बेडकीनं ऐकलं नाही. त्याच फांदीवर तिनं फेसाचं घरटं केलं. खालून वस्तीतली एक शेजारीण ओरडली, "आता काय बाई, राणीसाहेबांच्या लेकरांना स्वतंत्र तळं!" बेडकीनं तिकडे लक्षच दिलं नाही.

दिवस भरले. फेस विरघळला आणि पिल्लं टपटप खळग्यात पडली. सगळीच्या सगळी! एकालाही कुणी धक्का लावला नाही. बेडकी काठावर बसून त्यांच्याकडे बघत राही. शेपट्या हलवत ती इकडून तिकडे फिरत आणि तिच्या सावलीत येऊन थांबत. असे चार दिवस गेले. ते चार दिवस बेडकी फार सुखात होती.

पाचव्या दिवशी पावसानं उघडीप दिली. लख्ख ऊन पडलं. मोकळा कातळ तव्यासारखा तापला. सहाव्या दिवशी पाणी अर्ध्यावर आलं. सातव्या दिवशी पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढू लागली.

बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं पितो. बेडकी धावत ओढ्यात गेली, अंग फुगेपर्यंत पाण्यात बसली, चढ चढून वर आली आणि ते पाणी तिनं खळग्यात सोडलं. किती होतं? दोन थेंब. ती पुन्हा गेली. तिची ही धावपळ मावशीनं पाहिली आणि तीही ओढ्यात उतरली. मग शेजारीणही आली.

"सरक गं, वाट अडवू नकोस," एवढंच ती म्हणाली.

तिघी जणी उन्हात वर-खाली करत होत्या. त्यांची अंगं वाळून खडबडीत झाली. पण त्या घेऊन येत त्याहून ऊन जास्त घेऊन जाई.

दुपारी बेडकी ओढ्यात बसली असताना दगडाखालून खेकडा बाहेर आला. ती घाबरली नाही. म्हणाली, "खेकडेदादा, आमच्या बोटांना ती निसरडी पिल्लं धरता येत नाहीत, तुमच्या नांग्या मोठ्या आहेत. माझी पिल्लं उचलून खाली आणाल का? वाटेत हवी तेवढी खा."

खेकड्यानं वर कातळाकडे पाहिलं. "त्या उन्हात मी निम्म्या वाटेतच मरेन गं," तो म्हणाला. "आणि माझ्या नांग्यांना नुसतं धरता येत नाही, चिरडल्याशिवाय." मग तो पुटपुटला, "इथे टाकली असतीस, तर मी खाऊन खाऊन किती खाल्ली असती? माझं पोट ते केवढं!"

बेडकीनं अंग पाण्यानं भरून घेतलं. ती पाणी घेऊन पुन्हा वर गेली.

ऊन कललं, तेव्हा खळग्याच्या तळाशी फक्त ओल उरली होती. शेपट्या हलायच्या थांबल्या होत्या. बेडकीनं आणलेले दोन थेंब त्यांच्यावर सोडले, आणि ती परत जायला वळली. मावशीनं तिची वाट अडवली.

"पुरे आता, पोरी."

"अजून एक खेप, मावशी. एकच."

"बस इथे माझ्याजवळ."

बेडकी बसली. शेजारीणही येऊन तिला खेटून बसली. खाली ओढा रोजच्यासारखा खळाळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस आला, आणि तासाभरात तो खळगा काठोकाठ भरला.

तात्पर्य एवढंच, की लेकरांना संकटात जपावं. पण संकटाच्या धास्तीनं त्यांना त्यांच्या वाहत्या पाण्यापासून तोडू नये.